बुधवार कवा उगवतो?

"मॅडम... तुमची पाळी कवा हाय?"

प्रभाच्या हातातली पिशवी खाली पडली. पिशवीतला डबा उघडून पोळ्या कालव्याच्या हापिसाच्या पायरीवर पसरल्या. पण तिला त्याचं भान कुठलं! कानात मृदंगावर उलटी थाप पडावी तसं काहीतरी झालं होतं.

परभणीत पाय ठेवून तिला अजून अर्धा दिवसही झाला नव्हता. पुण्याहून निघून, मनमाडला गाडी बदलून, डोळ्यांत झोप आणि केसांत कोळशाची धूळ घेऊन ती सरळ हापिसात आली होती. कालव्याच्या पाण्याचं वाटप आता संगणकावर होणार होतं, आणि तो संगणक चालवायला सगळ्या मराठवाड्यात कुणी मिळालं नाही म्हणून साहेबांनी तिला बोलावलं होतं. आणि इथे हा! उंचापुरा, उन्हानं तांबूस झालेला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला तरुण... भरदिवसा, भर पायरीवर, अनोळखी मुलीला हे विचारतो?

"काय... काय म्हणालात?"

"पाळी हो, पाळी," तो पोळ्या गोळा करत अगदी भोळेपणानं म्हणाला. "सगळं गाव वाट बघायलंय तुमची. मागच्या साली लय उशिरा आली... आन् आली ती बी दोन दिसांत बंद! समदे परेशान."

"शरम नाही वाटत तुम्हाला?"

"शरम कशाची? मागच्या पाळीसाठी तर आमी पंधरा जन सायबाच्या जीपम्होरं बसलतो!"

प्रभा पळालीच. उंबरा ओलांडून आत गेली ती थेट एका टेबलापाशी थांबली. टेबलावर विठोबाची तसबीर, तसबिरीला ताजं फूल, आणि मागे कपाळाला बुक्का लावलेले एक गृहस्थ. हे कालवा निरीक्षक माणिकराव. रिटायर व्हायला वर्षच उरलेलं. माणूस देवाचा दिसतोय, या भरवशावर तिनं घडलेलं सांगितलं. सांगताना शब्द अडत होते, गाल पेटले होते.

"...अशा माणसाला खरं तर चपलेनं मारायला हवं!"

माणिकराव आधी लाल झाले, मग खोकले, मग विठोबाच्या तसबिरीकडे बघून बोलू लागले. तिच्याकडे बघायची हिंमत त्यांना होईना.

"बाई... आमच्याकडं कालवा बारमाही न्हाई वाहत. पानी थोडे दिस सुटतं, मंग बंद व्हतं, मंग फिरून सुटतं. त्या एकेका येळच्या पान्याला... पाळी म्हनत्यात. औंदा पाळीच्या तारखा तुमचं मशीन काढनार, म्हनून त्यानं तुमाला इचारलं."

प्रभाला वाटलं, धरणीमाते, पोटात घे!

"आन् चपलेचं म्हनाल," माणिकराव उठत म्हणाले, "तर खुशाल मारा. माझंच पोरगं हाय ते. रंगनाथ. मारून मारून माझा हात दुखायला लागलाय."

दारात तो उभा होता. पोळ्यांचा डबा नीट झाकून हातात धरलेला. आता त्यालाही सगळं कळलं होतं, कारण त्याच्या कानाच्या पाळ्या जास्वंदीसारख्या झाल्या होत्या. डबा टेबलावर ठेवून तो इतकंच म्हणाला, "मॅडम... येक पोळी मातीत गेली. ती म्या खाल्ली."

---

साहेबांनी प्रयोगासाठी एक तुकडी नेमली होती. कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीवरची बारा गावं, आणि त्यांना पाणी देणारी तीन माणसं. माणिकराव जुने, अनुभवी. प्रभा मशीनवर. आणि रंगनाथ गावकऱ्यांतर्फे. शेतकीची पदवी घेऊन नोकरीमागे न जाता तो चारीच्या अगदी शेवटच्या सोनटाकळीला वडिलोपार्जित शेती करत होता.

तिघांचं जमावं, असं साहेबांना वाटलं होतं. पण टाळ एका चालीत, मृदंग दुसऱ्या आणि बुवा तिसऱ्याच! माणिकराव मशीनच्या खोलीत पाऊल टाकत नसत. "कालवा डोळ्यानं बघायची चीज हाय, काचंत न्हाई," म्हणत. प्रभाला वाटे, या म्हाताऱ्याला नवीन काही शिकायचंच नाही. माणिकरावांना वाटे, या पोरीला चिखल ठाऊकच नाही. दोघं एकमेकांशी रंगनाथमार्फत बोलत.

"त्यांना सांगा, प्रत्येक गावाला सारखे तास मिळणार. ओरडणाऱ्याला जास्त, असं चालणार नाही."

"दादा, ह्या म्हनतात..."

"ऐकलं म्या. तिला सांग, वरच्या गावचे पाटील मशीनचं ऐकत न्हाईत."

"मॅडम, दादा म्हनतात..."

"मलाही ऐकू येतं!"

"मंग मला कशाला मदी ठिवलंय?" रंगनाथ हात जोडी. "मी काय टेलिफोनची तार हाय?"

त्याला मात्र मशीनची खोली आवडे. मशीनला गार हवा लागायची म्हणून तिथे थंडी भरलेली असे. तो घोंगडी पांघरूनच आत येई.

"हे काय?" तिनं हसू दाबत विचारलं.

"तुमच्या खोलीत पौष हाय मॅडम, बारा महिने. घ्या, हरभऱ्याचे ढाळे आनलेत. मशीनला चालतील का?"

"मशीन खात नाही."

"मंग तुमी खा. मशीनच्या वाटचे मी खातो."

हिरवे घाटे सोलताना दोघांची बोटं एकमेकांना लागली... एकदा. ती चुकून. दुसऱ्यांदा लागली तेव्हा दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीच नव्हतं. नुसती साहेबांची जीप.

---

पहिलं वेळापत्रक निघालं. भराभरा कागद बाहेर आला, प्रत्येक गावासमोर वार आणि वेळ छापलेली. सोनटाकळी: बुधवार, रात्री दोन. प्रभानं ते देवळाच्या भिंतीवर स्वतः चिकटवलं. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, कित्येक वर्षांनी ठरल्या वेळी पाणी येणार होतं. रंगनाथचा गहू पोटरीत आलेला. ओळीनं दोन पाळ्या चुकल्या तर गव्हाचं काड उरणार होतं, दाणा नाही. आणि त्याच्या एकट्याचाच नाही, सगळ्या गावाचा.

बुधवारचा दिवस एकही तक्रार न येता गेला, म्हणून गुरुवारी सकाळी प्रभा हापिसात आली ती आनंदानं उड्या मारतच. आणि समोर बघते तो काय! अंगणात सोनटाकळीची माणसं उभी. हातांत काठ्या. सगळ्यांच्या पुढे रंगनाथ. रात्रभर थंडीत जागल्यानं डोळे लाल, पायांना कोरडी माती.

"पानी आलंच न्हाई," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती. तिनं त्याला असं कधी बघितलंच नव्हतं.

"शक्यच नाही! कालव्याचं दार उघडणाऱ्याला साहेबांनी स्वतः फोन केला होता. पाणी सुटलंय!"

"सुटलं आसंल. आमच्याकडं न्हाई आलं. वरच्या गावानं चोरलं."

"आमी चोर?" वरच्या गावचे लिंबाजी पाटीलही आलेले होते, ते कडाडले. "तुमचं पानी वढ्याला गेलंय! आमच्या डोळ्यांनी बघितलं. दारं धरायला, पानी वळवायला तुमच्यातला एक बी मानूस रानात नव्हता!"

"आमी समदे व्हतो!"

"खोटं!"

काठ्या वर गेल्या. माणिकराव मधे पडले म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी पाण्याऐवजी रक्त वाहिलं असतं. माणसं पांगली. मग माणिकराव त्या पहिल्या दिवसानंतर प्रथमच तिच्याशी थेट बोलले.

"मशीन खोटं बोलायलंय, बाई."

"मशीन खोटं बोलत नाही!" तिचा तोल गेला. "तुमचीच माणसं झोपली असतील. वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही. अडाणी लोकांसाठी कितीही करा..."

शब्द तोंडातून गेला आणि तिला रंगनाथचा चेहरा दिसला. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली आणि निघून गेला. स्वतःच्या तोंडून असं काही निघू शकतं, याचाच तिला धक्का बसला होता.

संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. "येत्या पाळीला सोनटाकळीला पाणी पोचलं तर ठीक. नाहीतर मशीन खोक्यात, आणि तुम्ही पुण्याच्या गाडीत."

---

माफी मागायची तर माणसाच्या दारात जाऊन मागावी, हे तिला घरचं वळण होतं. रविवारी ती एस.टी.नं सोनटाकळीला गेली.

रंगनाथची आई नर्मदाबाई अंगणात तूर बडवत होती. तिनं या पोरीकडे नुसतं बघितलं, आणि काही न विचारता आत नेऊन पाट मांडला. माणिकराव ओसरीवर टाळांना नवी दोरी ओवत बसले होते. संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. रंगनाथ खांबाला टेकून उभा, तोंड फिरवून.

"काका," प्रभानं खाली बघूनच सुरुवात केली, "मी त्या दिवशी जे बोलले..."

"आदुगर च्या घे, माय," नर्मदाबाईनं मधेच कपबशी पुढे केली. "रागावलेल्या मानसासंगं रिकाम्या पोटी बोलू नाही. नाव काय तुझं?"

"प्रभावती."

"झ्याक. आन् जल्म कवाचा?"

"आई!" खांबाकडून आवाज आला.

"तू गप. इचारायलेय म्या. इचारलं तर काय पत्रिका जुळती का लगेच?" रंगनाथनं कपाळाला हात लावला. प्रभाला ठसका लागला. नर्मदाबाई ढिम्म. "सांग माय. वार कोनता?"

"बुधवार," ती कशीबशी म्हणाली. "पहाटे अडीचला."

"म्हंजी मंगळवारची."

"नाही, बुधवारची."

"अडीचला म्हनलीस न्हवं? मंग मंगळवारचीच."

"अहो नाही! दाखल्यावर बुधवार आहे. रात्री बारानंतर बुधवारच लागतो ना!"

माणिकराव टाळ बाजूला ठेवून हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बारानंतर लागाया बुधवार काय यष्टी हाय? दिस उगवल्याबिगर बुधवार यील कुठून? सूर्यनारायन आला की वार आला. तवर मंगळवारचीच रात..."

आणि ते थांबले.

प्रभाचा कप हवेतच राहिला. चहा कलंडून बशीत, बशीतून पातळावर सांडत होता, तिला पत्ता नव्हता.

"काका," तिचा आवाज चिरकला, "मी सांगितलं, 'बुधवार, रात्री दोन'... तर तुम्ही फावडं घेऊन रानात कधी जाल?"

"बुधवारचा दिस मावळला, जेवलो, निजलो, आन् मंग उठून..."

"आणि माझं मशीन मंगळवारी जेवून, निजून, उठून जातं!"

नर्मदाबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"म्हंजी..." रंगनाथ खांब सोडून पुढे आला. "म्हंजी पानी मंगळवारच्या राती आलं. वढ्याला गेलं. आन् आमी बुधवारच्या राती कंदील घिऊन..." त्यानं डोकं धरलं. "मी बी गेलतो! मी पदवीवाला! कागद म्याच वाचून दावला समद्यांना!"

"चोर कुनीच न्हाई," माणिकराव हळूच म्हणाले. "झोपलं बी कुनी न्हाई. खोटं मशीन बी न्हाई... पोरी, दोघांचे बुधवारच येगळे निघाले की गं!" आणि त्यांनी तसबिरीला जोडावेत तसे हात जोडले. तिलाच. "म्या मशीनला खोटं म्हनलं. चुकलं माझं."

"काका, नको! मी तर तुम्हा सगळ्यांना... तो शब्द..." तिचे डोळे वाहू लागले.

"असू दे," नर्मदाबाई तिचं पातळ पुसत म्हणाली. "मंगळवारची पोरगी हाय. तिखट असायचीच."

रंगनाथ फिसकन हसला. प्रभानं रडता रडता वर बघितलं... आणि तिलाही हसू फुटलं.

---

त्यानंतर माणिकराव मशीनच्या खोलीत आले. रंगनाथची घोंगडी पांघरून! "माझा बुधवार ह्याच्यात घाल," म्हणाले. प्रभानं मशीनचा दिवस सूर्योदयाला सुरू केला. कागदावर आता छापून आलं: 'मंगळवारची रात्र, बुधवार उजाडण्याआधी, दोन वाजता.'

"आता माझी अट," ती म्हणाली. "पाणी सगळ्यांना सारखं. आणि आधी टेलला. पाटील ओरडले तरी."

माणिकरावांनी कागद जवळ ओढून घेतला. आधी वरच्या गावांचं भागवावं, उरलं तर खाली सोडावं, अशीच त्यांची सगळी नोकरी गेली होती. स्वतःचं गाव टेलला असूनही.

"माझ्या तोंडानं मी पाटलाला कवाच 'न्हाई' म्हनू शकलो न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुझं मशीन म्हनतंय. बरं झालं. मी नुसतं वाचून दावीन."

आणि पुढच्या कीर्तनात, आरतीआधी, बुवांची परवानगी घेऊन त्यांनी ते वाचलं. बारा गावांची माणसं बसलेली. माणिकरावांनी एक ओळ म्हणावी, आणि टाळकऱ्यांनी सवयीनं ध्रुपद धरावं तशी ती उचलावी! 'मंगळवारची रात्र...' टाळ झणकारले. 'बुधवार उजाडण्याआधी...' पाण्याच्या वेळापत्रकाचं असं भजन झालेलं विठोबानंही कधी ऐकलं नसेल. लिंबाजी पाटलांनी तोंड उघडलं होतं ते भांडायला. पण सगळा मंडप गात असताना भांडणार कुणाशी? तेही टाळी वाजवू लागले. टाळकऱ्यांच्या रांगेतून रंगनाथ तिच्याकडे बघत होता. ताल चुकला त्याचा. दोनदा.

---

आणि पाणी आलं.

दिवस उजाडला तेव्हा सोनटाकळीच्या रानात गव्हाच्या सऱ्यांतून कोवळं ऊन वाहत होतं. सगळं गाव चिखलात. बायका पदर खोचून दारं धरत होत्या. माणिकराव गुडघाभर पाण्यात उभे, धोतर ओलं, आणि डोळेही. साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी प्रभाला बाजूला बोलावलं.

"कमाल केलीत! पहाटेच वरिष्ठांना फोन केला. औरंगाबादला बोलावताहेत तुम्हाला, सगळ्या कालव्यांसाठी. इथलं मशीन दुसरं कुणी सांभाळेल. सोमवारी हजर व्हा. कायमचं!"

तिच्या पायाखालचा बांध सरकला. नापास झाली असती तरी गाडी, आणि पास झाली तरी गाडीच! तिनं रंगनाथकडे बघितलं. त्यानं ऐकलं होतं. तो फावड्याच्या दांड्यावरचा चिखल नखानं खरवडत होता.

"लय चांगलं झालं," तो म्हणाला. "मोठं शहर. तितं... तितं तुमाला..."

"काय?"

"काय न्हाई. चांगलं झालं."

एवढा बोलका माणूस! पोळीपासून पौषापर्यंत सगळ्यावर ज्याच्याकडे बोलायला होतं, त्याच्याकडे आत्ता दोन शब्द नव्हते? प्रभाला संताप आला. इतका संताप की, ती तडक बांधावरून चालत माणिकरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मी औरंगाबादला जाणार नाही."

"मंग?"

"मला तुमच्या घरात राहायचंय." तिनं श्वास घेतला. "भाड्यानं नाही. सून म्हणून."

फावडी थांबली. कुणाच्या तरी हातातली घागर निसटली. लिंबाजी पाटलांनी भरलेली चिलीम ओठांपाशीच राहिली. या मुलखात मुलीला बघायला येतात, मुलीच्या बापाकडे निरोप जातात; पण मुलीनं स्वतः, चारचौघांत, सासऱ्यालाच मागणी घालावी? साहेब जीपचं दार धरून उभे होते ते तसेच.

"आगं..." माणिकरावांनी फावडं खाली टेकवलं. "आगं, हे कुनी असं इचारतंय का? तुझे आई-बाप?"

"त्यांना मी सांगेन. त्यांनाही धक्का बसेल. पण ऐकतील."

"मला नको इचारू बाई," ते शेवटी म्हणाले, "माझ्या घरात माझं कोन ऐकतंय? तिला इचार."

नर्मदाबाई पाण्यातून निघाली. विचारायची वाट न बघता तिनं चिखलानं भरलेल्या दोन्ही हातांत प्रभाचा चेहरा धरला. गालांवर दहा बोटं उमटली.

"लय उशीर केलास, माय," ती म्हणाली.

"आन् मला?" मागून आवाज आला. "मला कुनी इचारनार का न्हाई?"

सगळं रान हसलं. प्रभा वळली. गालांवर चिखल, डोळ्यांत पाणी.

"विचारते. रंगनाथ... माझ्याशी लग्न कराल?"

त्यानं तोंड उघडलं. थट्टा करायला उघडलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. पण थट्टा आलीच नाही. तो एवढा दांडगा गडी सगळ्या गावादेखत ओक्साबोक्शी रडू लागला.

"आरं, बांध फुटला!" कुणीतरी ओरडलं.

खरंच फुटला होता. बघत बसलेल्यांचं पाण्याकडे ध्यानच नव्हतं. ते बांधावरून पलीकडच्या रानात निघालं होतं. एका क्षणात सगळे फावडी घेऊन तिकडे धावले. माणिकराव, नर्मदाबाई, पाटील... साहेबसुद्धा, बूट न काढता.

मागे दोघंच उरले.

"करीन," रंगनाथ बाहीनं डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं, तुमाला थांबा म्हनायचा माझा हक न्हाई. म्हनून बोललो न्हाई."

"आता आहे."

"मंग थांबा."

"थांबले."

त्यानं हात पुढे केला. ती बांधावर, तो पाण्यात. तिनं चपला काढल्या, पातळ किंचित वर धरलं आणि सरीत पाऊल टाकलं. पाणी बर्फासारखं होतं. ती डोक्यापासून पायापर्यंत दचकली... पण पाय काही तिनं मागे घेतला नाही.